घरखर्च आणि शिल्लक : एक ऐतिहासिक आलोकन

राजेरजवाड्यांच्या खजिन्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. कोणत्या मोहिमेत किती खंडणी मिळाली, कोणत्या पेशव्याच्या शिरावर किती कर्ज होते, हे शाळकरी मुलासही सांगता येते. परंतु सामान्य प्रापंचिक माणसाच्या घरात महिनाअखेर चार पैसे कसे उरत, ते कोणत्या हेतूने राखले जात आणि तो हेतू सिद्धीस जाई की नाही, याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, गळक्या घराची डागडुजी, वृद्ध आईची काशीयात्रा ही सामान्य माणसाची राज्येच होत. आणि ती जिंकण्यासाठी त्यास जन्मभर जी मोहीम चालवावी लागते, ती काही लहान नसते.

या विषयावर आपल्याकडे एक ठराविक आरोप केला जातो. आपले लोक लग्नाकार्यांत आणि सणावारांत पैसा उधळतात, म्हणून त्यांच्यापाशी शिल्लक राहत नाही, असे म्हणतात. सभासंमेलनांतून हे भाषण आम्ही गेली चाळीस वर्षे ऐकत आलो आहो; आणि ते करणारे गृहस्थ बहुधा स्वतःच्या मुलाच्या लग्नाची पंगत उठवूनच व्यासपीठावर आलेले असतात, हा भाग वेगळा. इतिहासाचा पुरावा मात्र या आरोपास तितकीशी पुष्टी देत नाही, असे आमचे मत आहे. तो पुरावा वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, पैशाच्या रूपाने शिल्लक टाकणे ही गोष्ट खेड्यातील बहुसंख्य लोकांना फार जुनी नाही. बलुतेदारास त्याच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. शेतकऱ्याची शिल्लक म्हणजे कणगीतील ज्वारी आणि पेवात पुरलेले धान्य. सांगलीजवळच्या हरिपूर येथे हळदीची पेवे प्रसिद्ध होती, ती पुष्कळांनी पाहिली असतील. धान्याच्या शिलकेत एक मोठा गुण होता. तोंड बंद केलेले पेव मनात येईल तेव्हा उघडता येत नसे. ते एकदा उघडले की सारा माल बाहेर काढावा लागे. त्यामुळे आज पाहुणे आले म्हणून मूठभर काढू, उद्या मीठमिरचीसाठी पसाभर काढू, हा मोह तेथे चालत नसे. रोख पैशाला असे झाकण नाही. सारा रोकड पैशात भरावा लागू लागला, बाजार वाढला, आणि शिल्लक पेवातून कनवटीला आली, तेव्हा हे झाकण निघून गेले.

रोख पैशाचा पहिला मोठा पूर आला तो 1861 ते 1865 या काळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचा भाव आकाशास भिडला. मुंबईत शेअरांचे वेड लागले. युद्ध संपताच 1865 साली सारे कोसळले, आणि अखेरीस 1868 साली खुद्द बँक ऑफ बॉम्बेचाही गाशा गुंडाळावा लागला. खेड्यांत कापसाचे व धान्याचे भाव उतरले, साऱ्याची आकारणी मात्र वाढलेली. आणि दहा वर्षांनी, 12 मे 1875 रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत हा दंगा पसरला. शेतकऱ्यांचा रोख माणसांवर नव्हता, खतांवर व कागदांवर होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

या दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने जो आयोग नेमला, त्याचा अहवाल आमच्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. कुणबी कर्जबाजारी का झाला, या प्रश्नाला तेव्हाचे अधिकारीही तेच ठरीव उत्तर देत असत : लग्नाचा खर्च. आयोगाने हिशेब तपासले आणि या कारणाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे, असा अभिप्राय दिला. लग्नाचा खर्च त्याच्या ऐपतीच्या मानाने मोठा खरा, पण तो वर्षानुवर्षांतून एकदा येणारा. कर्जाचा आकडा फुगतो तो वरचेवर काढलेल्या लहान लहान रकमांनी. खाण्यापिण्याचे जिन्नस, बियाणे, बैल, सरकारचा सारा यांपायी काढलेले किरकोळ पैसेच एखाद्या लग्नापेक्षा कुणब्याच्या कर्जात अधिक भर घालतात, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. दीडशे वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आजच्या पगारदाराने आपल्या महिन्याच्या जमाखर्चाशी ताडून पाहावा. लग्नाच्या खर्चाकडे सर्वांचे डोळे असतात, म्हणून त्याची निंदा होते. वाण्याच्या वहीतील चार आण्यांची नोंद कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. थेंबे थेंबे तळे साचते हे खरेच, पण थेंबाथेंबाने तळे गळतेही, ही त्याच म्हणीची दुसरी बाजू आपण पोरांना शिकवीत नाही.

ही गळती थांबविण्याची साधने त्यानंतरच्या पन्नास वर्षांत एकामागून एक निर्माण झाली. टपाल खात्याने 1880 साली मनीऑर्डर सुरू केली आणि 1 एप्रिल 1882 पासून टपाल कचेऱ्यांतून बचत बँक उघडली. या दोन गोष्टींनी कोकणचा प्रपंच बदलून टाकला. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत काम करणारा माणूस दरमहा घरी पैसे धाडू लागला, आणि पोस्टमन दारी येणे हा घरातील महिन्याचा सण झाला. मुंबईत त्याने काय खाल्ले, तो किती जणांत एका खोलीत निजला, हा हिशेब मनीऑर्डरच्या फॉर्मावर नसे. त्या फॉर्माच्या तळाशी मजकुरासाठी जी टीचभर जागा असे, तेवढ्यात शेताचे, गुरांचे आणि मुलांच्या शाळेचे सारे बजावून सांगावे लागे.

परंतु मुंबईतच बिऱ्हाड करून राहणाऱ्या मजुराची अवस्था निराळी होती. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने 1921-22 साली 2,473 कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. कुटुंबाची सरासरी प्राप्ती दरमहा सुमारे 52 रुपये भरली, आणि त्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग केवळ अन्नावर जात होता. शेकडा 47 कुटुंबे कर्जात होती आणि ते कर्ज साधारणतः अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा रूढ दर रुपयास महिना एक आणा, म्हणजे सालिना शेकडा 75 ! अशा घरास काटकसरीवर व्याख्यान देणे म्हणजे उपाशी माणसास एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे होय.

तरीही याच वस्त्यांतून भिशी चालत असे, आणि ती आजही चालते. भिशीची जन्मकथा सांगण्यास कागदोपत्री आधार नाही. तिचे हिशेब घरच्या वहीत किंवा तोंडीच असतात. पण तिची युक्ती पाहण्याजोगी आहे. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये काढावयाचे, चिठ्ठी टाकावयाची, जिचे नाव निघेल तिला एकरकमी बाराशे रुपये मिळतात. पहिल्या महिन्यात जिचे नाव निघाले तिला ते बिनव्याजी कर्ज, शेवटच्या महिन्यात जिचे निघाले तिची ती बिनव्याजी ठेव. अंकगणिताच्या दृष्टीने शेवटचीचा तोटा होतो, हे कोणताही मास्तर फळ्यावर दाखवून देईल. परंतु तिला विचाराल तर ती म्हणेल, की भिशी नसती तर ते शंभर रुपये घरात राहिलेच नसते. अकरा जणींपुढे हप्ता चुकविण्याची लाज वाटते, ही लाजच भिशीचे कुलूप असते. पेवाचे झाकण पुन्हा बसविले गेले ते असे. तांब्यापितळेची भांडी, शिवणयंत्र, मुलांची फी, सोन्याची अंगठी अशा कितीतरी वस्तू या चिठ्ठ्यांतून घरात आल्या आहेत. लिलावाची भिशी म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात गरजवंत आपली रक्कम कमी करून घेतो आणि तो फरक बाकीचे वाटून घेतात. तो प्रकार आम्हांस तितकासा रुचत नाही, कारण तेथे मैत्रिणीची अडचण हाच इतरांचा नफा होतो.

भिशीची ही परस्परांच्या ओळखीवर उभी असलेली युक्ती मोठ्या प्रमाणावर आणि कायमची चालविता येईल काय, हा प्रश्न सुशिक्षितांना पडला, तेथून सहकारी पतपेढ्यांचा इतिहास सुरू होतो. तो आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना विशेष अभिमानाचा आहे. सहकारी संस्थांचा कायदा होण्याच्या पंधरा वर्षे आधी, 1889 साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने तेथील मराठी गृहस्थांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापिली. पाठीशी कायद्याचे बळ नाही, सरकारी मदत नाही. केवळ एकमेकांवरील विश्वास. पुढे 1904 साली कायदा आला. त्याची दृष्टी मुख्यतः शेतकऱ्यांच्या कर्जाकडे होती, पण त्याचा लाभ शहरातील कारकून वर्गानेही तत्परतेने उठविला.

27 डिसेंबर 1906 रोजी रावबहादूर श्रीपाद सुब्राव तलमकी यांनी मुंबईत आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी स्थापन केली. ती चित्रापूर सारस्वत ज्ञातीतील मंडळींची संस्था होती. कारवारकडून मुंबईत नोकरीस आलेले हे लोक संख्येने थोडे आणि पगाराने बेताचे. पण कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे, कोणाचा मुलगा कोणत्या इयत्तेत आहे, कोणाची बहीण उपवर आहे, हे परस्परांस ठाऊक. सावकार तारण पाहून कर्ज देतो; येथे माणूस पाहून देता येत असे. आणि कर्जाइतकेच महत्त्वाचे म्हणजे, दरमहा थोडी रक्कम संस्थेत टाकण्याची शिस्त सभासदास लागे. तलमकी तेवढ्यावर थांबले नाहीत. घरभाडे हा शहरातील पगारदाराच्या खर्चातील मोठा आकडा, हे ओळखून त्यांनी 1915 साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आशिया खंडातील अशा प्रकारची ती पहिली संस्था म्हणून गणली जाते. दरमहा जो पैसा घरमालकाच्या खिशात जाऊन नाहीसा होत असे, तो आता सभासदाच्या स्वतःच्या छपरासाठी खर्ची पडू लागला. घरखर्चालाच शिलकेचे रूप देण्याची ही कल्पना आम्हांस त्या काळातील सर्वांत बुद्धिमान कल्पना वाटते.

14 सप्टेंबर 1918 रोजी सारस्वत सहकारी बँकिंग सोसायटी निघाली, जे. के. परुळकर तिचे पहिले अध्यक्ष होते. तिचे उद्दिष्ट वाचले म्हणजे या लेखाचा सारा विषयच समोर येतो. कुटुंबातील अवलंबून असलेल्या व्यक्तींचे लग्न, जुन्या कर्जाची फेड आणि आजारपणाचा खर्च, या प्रसंगी सभासदास तात्पुरते साहाय्य करावयाचे. लग्नास हिणवणे नाही, उपदेश नाही. प्रसंग येणारच, तेव्हा त्याची तजवीज कशी करावी, एवढाच विचार. 1933 साली या संस्थेची पूर्ण बँक झाली, आणि आज ती देशातील अग्रगण्य नागरी सहकारी बँक आहे. तिची दारे सर्वांना खुली झाली, हे योग्यच झाले. एका ज्ञातीपुरती राहिलेली पतपेढी फार तर काही घरे वाचविते. आणि ज्यांना आपल्या कोणत्याही पेढीत जागा नव्हती, त्यांचे सावकाराशिवाय कोण होते, हा प्रश्न ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना विसरून चालणार नाही.

ज्यास महिन्याचा पगारच नाही, त्याच्या सोयीची युक्ती दक्षिण कानड्यातून आली. उडुपी येथे 1925 साली निघालेल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट या पेढीने डॉ. टी. एम. ए. पै यांच्या कल्पनेतून 1928 साली पिग्मी ठेव सुरू केली. दररोज किमान दोन आणे. आणि ते घेण्यास पेढीचा माणूस दारी येणार. दोन आण्यांचे वर्षाचे किती होतात हे आम्ही मुलांना तोंडी हिशेबात घालीत असू : सातशे तीस आणे, म्हणजे 45 रुपये 10 आणे. भाजीवाली, न्हावी, पानपट्टीवाला यांची कमाई रोजची, म्हणून खर्चही रोजचा. तेव्हा शिल्लकही रोजचीच हवी, हे या योजनेचे मर्म. मूळ पेढी पुढे सिंडिकेट बँक झाली आणि 2020 साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी हा शब्द मात्र आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत रुजला आहे.

सरकारी रोख्यांविषयी थोडक्यात सांगू. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, पोस्टाने कॅश सर्टिफिकिटे काढली. 7 रुपये 12 आणे भरले की पाच वर्षांनी 10 रुपये हाती येत. दुसऱ्या महायुद्धात संरक्षण बचतीची आणि 1943 पासून राष्ट्रीय बचतीची प्रमाणपत्रे आली. दुसऱ्या प्रकारात दहाचे बारा वर्षांनी पंधरा होत. सरकार शब्दाला जागले, यात शंका नाही. पण 1939 ते 1949 या दहा वर्षांत मुंबईतील राहणीखर्च दुपटीहून अधिक वाढला होता. म्हणजे ज्याने पोटाला चिमटा घेऊन कागद घेतला, त्याला मुदत भरल्यावर पूर्वीइतके धान्यही त्या पैशात येईना. आपल्या बायका सोन्याच्या मागे लागतात म्हणून पुरुषमंडळी त्यांना हसतात. ती हसण्याजोगी गोष्ट नव्हती. 1963 साली सुवर्णनियंत्रण आले, 1968 साली त्याचा कायदा झाला, 1990 साली तो रद्दही झाला. घरोघरच्या डब्यांतील पाटल्या या साऱ्यातून तशाच राहिल्या.

आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षक झालो, तेव्हा शाळाशाळांतून संचयिका चालत असे. मुलांनी चार आणे, आठ आणे आणावेत, वहीत नोंद व्हावी, आणि हिशेबही मुलांनीच ठेवावा, अशी ती लहानशी बँक. काही वर्षे तिचे काम आम्हांकडे होते. गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी पैसे काढणाऱ्यांची रांग लागे आणि वह्या कोऱ्या होत. मग आम्ही प्रत्येकाच्या पानावर पैसे कशासाठी साठवावयाचे, ते त्याच्याच अक्षरात लिहून घेऊ लागलो : कंपासपेटी, सहल, भावाला राखीची भेट. ज्या पानावर असा शब्द होता, त्या पानावरील रक्कम जत्रेतही बहुधा शाबूत राही. हा अनुभव आम्ही येथे मुद्दाम नोंदवितो, कारण 1992 साली नाबार्डने प्रायोगिक पाचशे गट बँकांना जोडून ज्या महिला बचत गटांचा पाया घातला, त्यांच्या बैठकांतही हेच दिसते. कशासाठी, हा प्रश्न तेथे चारचौघींसमोर विचारला जातो.

उलटपक्षी 2016 पासून यूपीआय आल्यावर खर्चाचे असे झाले आहे की, पैसा हाताला लागतच नाही. चहा, रिक्षा, भ्रमणध्वनीचा रिचार्ज, मुलांच्या शिकवणीचा हप्ता. सुप्याच्या कुणब्याची किरकोळ कलमे बदलली, त्यांचा स्वभाव बदललेला नाही. वाण्याची वही निदान महिन्याला एकदा समोर येत असे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत नाजूक. घरखर्चातून वाचविलेला पैसा ज्याच्या हाती द्यावयाचा, तो हात कसा आहे ? 1960 साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर सरकारने ठेवींच्या विम्याचा कायदा केला आणि 1 जानेवारी 1962 पासून प्रत्येक ठेवीदाराच्या 1,500 रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण मिळाले. पुढे सहकारी बँकाही त्यात आल्या. ही मर्यादा वाढत वाढत 1993 साली एक लाख झाली. 2019 च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांस प्रथम केवळ हजार रुपये काढता येऊ लागले. त्यानंतर काही महिन्यांनी, 4 फेब्रुवारी 2020 पासून, मर्यादा पाच लाख झाली. परंतु हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आणि पिग्मीचा पैसा तर बहुतांशी पतसंस्थांतच जातो. दारावर बँक हा शब्द आहे की पतसंस्था हा, इकडे ठेवीदाराचे लक्ष नसते. त्याचे लक्ष रोज सायंकाळी येणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्याकडे असते.

आमच्या परिचयाच्या एका शाळेतील शिपायाने मुलीस परिचारिकेच्या अभ्यासक्रमास घालावयाचे, या एकाच हेतूने सहा वर्षे रोज वीस रुपये पिग्मीत भरले. सणवार आले, आजारपणे आली, एकदा घराची भिंत पडली. त्याने खंड पडू दिला नाही. हिशेबाने ते 43,800 रुपये झाले. पैसे काढावयाच्या वर्षीच संस्थेस टाळे लागले. संचालक गावातीलच होते, काही तर त्याच्या नात्यातले. ज्या ओळखीवर तलमकींनी पतपेढी उभारली, तीच ओळख येथे कर्जांना जामीन झाली आणि त्यांतली कित्येक कर्जे परत आलीच नाहीत. शिपायाच्या पत्नीने आपल्या दोन पाटल्या सोनाराकडे नेल्या. मुलीचा प्रवेश झाला, आणि आज ती एका रुग्णालयात नोकरीस आहे. संस्थेवर अवसायक नेमले गेले. त्यांच्याकडून शिपायास तीन हप्त्यांत मिळून निम्म्याहून कमी रक्कम मिळाली. उरलेल्या रकमेची पावती त्याने ट्रंकेत जपून ठेवली आहे. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला, तेव्हा ती बरोबर घेऊन आला होता. तिच्यावरील शाई फिकी होऊ लागली आहे, तेव्हा तिची छायाप्रत चालेल काय, असे त्याने आम्हांस विचारले.